दीड विटेची पायरी

चार माणसं आणि एक डब्बा एकत्र आले की किस्से गोळा करायला वेगळी मेहनत लागत नाही. आमच्याकडे ते इतके साठलेत, की पुण्याहून मुलाचा फोन आला आणि मी "अरे, ऐक ना" म्हटलं, की तो आधी विचारतो, "आई, डब्ब्याचा आहे का? मग जेवून करतो फोन."

डब्बा म्हणजे चाकांवरची खोली. जीपच्या मागे जोडायची आणि हवी तिथे न्यायची. "याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात," असं आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. साहेब म्हणजे माझे यजमान, शेखर. बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झाले, घरातून अजून व्हायचेत. यावर विमल म्हणाली, "डब्बाच आहे तो." तेव्हापासून डब्बाच.

विमल तीस वर्षांपासून माझी शेजारीण. दोन वर्षांपूर्वी तिला लकवा मारून गेला. रामदासपेठेतल्या दवाखान्यातून घरी आली ती आलीच. जीभ महिन्याभरात पहिल्यासारखी चालायला लागली, उजवा हात आणि पाय मात्र मागे राहिले. आणि बाईनं उंबरठा ओलांडणंच सोडलं. कोणाच्या लग्नाला नाही, बारशाला नाही, माझ्याकडे हळदीकुंकवालासुद्धा नाही, आणि माझं दार तिच्या दारापासून पंधरा पावलांवर!

कोणी फार आग्रह केला की म्हणायची, "लोकायच्या घरचं बाथरूम मले जमत नाही." हे कारण ती सगळ्यांना सांगायची. दुसरं फक्त मला सांगितलं होतं. "दोघांनी धरून चालवलेली बाई लोकायनं काहून पाहावी वं मंदा?"

तिचे यजमान प्रभाकरभाऊ. घराणं विणकरांचं, वडील शेवटपर्यंत हातमागावर बसले, यांनी मात्र गाड्या दुरुस्तीचं वर्कशॉप काढलं. लग्न झालं त्या वर्षी ते नव्या बायकोला बोलून बसले होते, "तुले डोंगर दाखवतो." आम्हा नागपूरकरांना सेमिनरी हिल्सची चढणसुद्धा डोंगर वाटते, तर विमलनं सोडून द्यायला हरकत नव्हती. पण तिनंही सोडलं नाही, आणि त्यांनीही नेलं नाही. कधी नणंदेचं लग्न, कधी मुलीची बारावी, कधी वर्कशॉपमध्ये माणूस नाही. शेवटी वर्कशॉप विकून मोकळे झाले, तर हिचा पाय गेला.

मग एक दिवस चहा पिता पिता प्रभाकरभाऊ म्हणाले, "तिले लोकायचं बाथरूम जमत नाही ना? मग आपलं सोबत नेऊ."

*

प्रभाकरभाऊ टेपनं माप घेत नाहीत. दोरीला गाठी मारतात, वडिलांची सवय. विमलला पलंगावर आडवी करून त्यांनी डोळे कुठवर येतात ते मोजलं आणि गाठ मारली: ही खिडकी. बसवून हात कुठे पोचतो ते मोजलं: ही धरायची दांडी.

पायरीसाठी अंगणात विटा मांडल्या. एक वीट विमलनं आरामात ओलांडली. दोन विटांना पाय अडला. मग अर्धी वीट फोडून आणली. दीड विटेवर ती चढली, पण एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं ते, असं दोघांनी धरल्यावर.

मी म्हटलं, "एकाच विटेची ठेवा ना पायरी. कशाला तिला त्रास?"

"एका विटेची केली तर ती तेवढाच पाय उचलेल, वहिनी," ते म्हणाले, आणि दीड विटेवर गाठ मारली.

ही गाठींची दोरी घेऊन ते कन्हानला एका फॅब्रिकेटरकडे गेले. तो दोरीकडे बघतच राहिला. मग त्यानं विचारलं, "फूड ट्रक बनवून राहिले का काका? काय विकणार?"

"काही नाही," प्रभाकरभाऊ म्हणाले. "बायकोले बसवणार."

*

फूड ट्रकचा संशय एकट्या फॅब्रिकेटरला आला नाही. डब्बा तयार होऊन दारात उभा राहिला, त्या दिवशी दुपारी गल्ली रिकामी बघून आम्ही विमलला दोन्ही बाजूंनी धरून आत नेलं आणि खिडकीशी बसवलं. पाच मिनिटं झाली नसतील, स्कूटरवरून एक गृहस्थ उतरले आणि खिडकीपाशी येऊन म्हणाले, "काकू, दोन प्लेट तर्री पोहे."

मला वाटलं, विमल आता पडदा ओढून घेणार. दोन वर्षांत तिनं परक्या माणसाला तोंड दाखवलं नव्हतं.

"तर्री संपली," विमल म्हणाली.

"मग साधे द्या."

"कांदा कापणारी बाई कामचोर आहे," माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली. "उद्या या."

ते गेल्यावर ती इतकी हसली, की तिचे डोळे पुसायला मला माझा पदर द्यावा लागला. मीही रडतच होते, पण माझं कारण वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी गृहस्थ खरोखर आले. पोहे मी केले, तर्रीसकट.

*

डब्बा पुढे नेणं सोपं असतं, मागे घेणं कठीण. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की डब्बा उजवीकडे जातो, उजवीकडे फिरवलं की डावीकडे. आमच्या साहेबांनी याची वहीत आकृती काढली, गळ्यात शिट्टी अडकवली आणि महिनाभर रोज सकाळी मैदानावर प्रभाकरभाऊंना शिकवलं. स्वतः साहेब आयुष्यात स्कूटरच्या पुढे गेले नाहीत, हे मी तिथे बोलले नाही.

महिन्याच्या शेवटी मॉर्निंग वॉकवाल्यांनी मैदान बदललं होतं आणि डब्बा एकदाही सरळ मागे गेला नव्हता.

"थिअरी क्लिअर आहे," साहेब म्हणाले.

"मग असं करू, शेखरभाऊ. थिअरी तुम्ही घ्या मागं. डब्बा मी पुढंच नेतो."

*

शेवटी निघालो. छिंदवाड्याच्या पुढे, तामियाजवळ, सातपुड्याचा डोंगर समोर दिसेल असं एक कॅम्पिंगचं ठिकाण साहेबांनी मोबाइलवर शोधलं होतं. विमल यायला तयार झाली होती, पण दोन अटींवर. वाटेत कुठे उतरायला लावायचं नाही, आणि तिथे पोचल्यावर डब्ब्याच्या बाहेर या म्हणायचं नाही.

"खिडकीतून पाहीन अन् वापस येईन," तिनं बजावलं.

मध्य प्रदेशची सीमा ओलांडल्यावर पोलिसानं गाडी थांबवली. डब्बा उघडायला लावला. आत देव्हारा, कुकर, मिक्सर, डाळतांदळाचे डबे, चार उशा, विमलचा कमोड आणि लोणच्याची बरणी.

"घर शिफ्ट कर रहे हो क्या?"

"नहीं साहब," प्रभाकरभाऊ म्हणाले. "घर को घुमाने ले जा रहे हैं."

पोलिसानं जीपमध्ये पुढे बसलेल्या विमलकडे पाहिलं. तिचा मांडीवर ठेवलेला लुळा हातही पाहिला असावा. "धीरे ले जाना," तो म्हणाला, "आगे घाट है." आणि स्वतः रस्त्यात उभं राहून त्यानं मागच्या गाड्या अडवून धरल्या.

*

पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तिथले केअरटेकर उइकेभैया यांनी जागा दाखवली, प्रभाकरभाऊंनी डब्बा नाकासमोर सरळ आत घातला. आम्ही दोघांनी धरून विमलला दीड विटेची पायरी चढवली, पलंगावर निजवलं. प्रभाकरभाऊंनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि पडदा सरकवला.

"आता उघड."

खिडकीसमोर कॅम्पचं बाथरूम होतं. गुलाबी रंगाचं. भिंतीवर रंगवलेली एक बाई, एक पुरुष आणि खाली पालथी बादली.

प्रत्येक गोष्ट मोजली होती. डोंगर कोणत्या बाजूला असेल, हे मात्र कोणी मोजलं नव्हतं. खिडकी एका बाजूला आणि सातपुडा दुसऱ्या बाजूला.

"चांगलं आहे," विमल म्हणाली. "बाथरूमचीच काळजी होती मले."

आम्ही हसलो. प्रभाकरभाऊ हसले नाहीत. हातातल्या दोरीशी चाळा करत उभे राहिले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. एवढ्या वर्षांचा शब्द घेऊन माणूस आला होता, आणि तो मोहाचं एक झाड आणि गुलाबी भिंत यांच्यामध्ये अडकला होता.

मग डब्बा बाहेर काढून उलटा आत घालायचे प्रयत्न सुरू झाले. साहेबांची शिट्टी निघाली. पाऊण तास. एकदा झाडाला लागला, एकदा कोणाच्या तरी वाळत घातलेल्या टॉवेलांसकट दोरी घेऊन गेला. तांदूळ निवडत बसलेले उइकेभैया हे सगळं मुकाट्यानं बघत होते. शेवटी त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"साहब, बैलगाड़ी को कोई बैल जोतके पीछे लेता है क्या? बैल खोल दो. गाड़ी हम घुमा देंगे."

साहेबांनी शिट्टी खिशात घातली.

जीप सोडली. उइकेभैयांनी हाका मारून आठ माणसं जमवली, त्यात टॉवेलवालेही आले. विमलला खाली उतरायला सांगितलं तर म्हणाली, "पुन्हा चढवा मग मले. त्यापेक्षा माझ्यासकट फिरवा."

तसंच फिरवलं, मुंगीच्या चालीनं. प्रभाकरभाऊ खिडकीच्या बाजूनं चालत होते आणि विमल आतून सांगत होती. "बाथरूम गेलं. स्वयंपाकाचं शेड आलं. भाऊजी आले, शिट्टी नाही त्यायच्याजवळ. झाड आलं. झाड गेलं."

मग तिचं बोलणं थांबलं.

"बस क्या?" उइकेभैयांनी विचारलं.

प्रभाकरभाऊंनी आत पाहिलं. विमलनं डावा हात वर केला होता. "बस," ते म्हणाले. उरलेली संध्याकाळ त्यांनी बाहेरून खिडकीची काच पुसण्यात घालवली. काच स्वच्छच होती.

*

सकाळी प्रभाकरभाऊंच्या हाकेनं आम्हा दोघांना कॅम्पच्या तंबूत जाग आली. ते डब्ब्याच्या दारात उभे होते, हातात चहाचा कप. तिच्यासाठी चहा आणायला अनवाणीच स्वयंपाकाच्या शेडपर्यंत गेले होते. परत आले तर पलंग रिकामा, दार उघडं आणि त्यांच्या चपला जागेवर नाहीत.

कुंपणापाशी आमच्या साहेबांची प्लॅस्टिकची खुर्ची रात्रीपासून पडून होती. तिच्यावर विमल बसली होती. पाठ आमच्याकडे, पायात प्रभाकरभाऊंच्या चपला, डावी नीट घातलेली आणि उजवी अर्धवट. पलीकडच्या जागेतली माणसं चहा पीत तिच्याकडे बघत होती. तिचं लक्ष नव्हतं. डब्ब्याच्या पायरीपासून खुर्चीपर्यंत दवात एका पायाचे ठसे होते आणि शेजारून एक लांब ओढलेली रेघ.

प्रभाकरभाऊ त्या रेघेच्या कडेकडेनं चालत गेले. कप तिच्या हातात द्यायचं विसरले.

"कोणी धरलं तुले?"

विमलनं मागे वळून पाहिलं नाही.

"काहो," ती म्हणाली, "खिडकी लहान केली तुम्ही."