चौसष्टावा गोल

ऑफिसात तिला सगळे चौकशीबाई म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. मुलगी घराबाहेर पडली की दर दहा मिनिटांनी हिचा फोन: पोचलीस का, आता कुठे आहेस?

"आई, तुझे फोन घेण्यातच उशीर होतो गं," मुलगी वैतागायची.

घरपोच औषधं पाठवणाऱ्या तिच्या कंपनीचं सॉफ्टवेअर म्हणजे त्रेसष्ट छोटे प्रोग्राम. एक पत्ता शोधतो, एक साठा बघतो, एक पावती करतो, आणि सगळे एकमेकांना विचारून चालतात. काम अडलं की ज्याला विचारावं तो म्हणणार, आमचं ठीक आहे. चौकशीबाईने चार महिने खपून या गोतावळ्याचा जिवंत नकाशा केला. प्रत्येक प्रोग्रामचा एक गोल, कोण कुणाला विचारतो त्याच्या रेघा, आणि दम लागला की गोल लाल. नकाशा भिंतीवर लावायचा की गुंडाळायचा, ते साहेब आज ठरवणार होते. सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

अकरा वाजता चाळीस जणांनी आपापल्या स्क्रीनवर नकाशा उघडला, आणि पत्त्याचा गोल लालभडक झाला. ऑर्डरी तुंबल्या. साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"मी कशाला हातसुद्धा लावलेला नाही," पत्त्याचं काम बघणारा म्हणाला.

तिने रेघा मोजल्या. पत्त्याला विचारणारे पाच, पाचही नेहमीसारखे. तरी प्रश्न येत होते दहापट. मग उरलेलं विचारतंय कोण?

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उघडलेला प्रत्येक नकाशा दर सेकंदाला प्रत्येक प्रोग्रामला विचारत होता, ठीक आहेस ना? आणि पत्त्याचा बिचारा दर वेळी पत्त्यांची अख्खी यादी तपासून उत्तर देत होता. तिने सगळ्यांच्या रेघा काढल्या होत्या, फक्त नकाशाची स्वतःची राहिली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गप्प बसली असती तर निदान आज तरी कुणाला कळलं नसतं. पण एवढी मजेची गोष्ट पोटात ठेवणं तिला जमणारं नव्हतं.

"सगळ्यांनी नकाशे बंद करा," ती उभी राहून म्हणाली. "चोर माझ्याच घरात आहे."

एकेक नकाशा मिटला. तिच्या एकटीच्या स्क्रीनवर गोल हिरवा झाला आणि ऑर्डरी धावत सुटल्या. साहेब उठून तिच्या स्क्रीनपाशी आले.

"आता नकाशाचाही गोल काढा, चौसष्टावा," ते म्हणाले. "आणि त्याला जरा कमी विचारायला शिकवा. मग लावू भिंतीवर."

दुपारचं जेवण विसरून तिने दोन्ही केलं. नकाशा आता दर अर्ध्या मिनिटाला एकदाच विचारून तेच उत्तर सगळ्यांना दाखवू लागला.

संध्याकाळी मुलगी क्लासला गेली. चौकशीबाईने सवयीने फोन उचलला आणि तसाच टेबलावर ठेवला. विसाव्या मिनिटाला तोच वाजला.

"आई, बरी आहेस ना? तुझा फोन नाही आला."