कांद्याच्या वावरातली युद्धनौका

ज्ञानू गेल्याची तार महाळुंग्याला आली तेव्हा मी पिंपरीच्या कारखान्यातून सुट्टीवर घरी होतो, म्हणून ती वाचायची वेळ माझ्यावर आली. मुंबईच्या इस्पितळात विषमज्वरानं माझा बालमित्र गेला… त्याच्या आईनं मला तार तीनदा वाचायला लावली.

ज्ञानू नौदलात बॉयलरवर होता. विलायतेत बांधलेली नवी फ्रिगेट युद्धनौका आणायला गेलेल्या तुकडीत तो होता. ती आणून रजेवर आला, तर आईनं हट्ट धरला, "आता न्हाई जायचं. तू तिथं ऱ्हातूस तरी कसा, ते मला ठावं न्हाई." दुसऱ्या दिवशी कांदा काढून मोकळ्या झालेल्या वावरात ज्ञानूनं चुन्याच्या फक्कीनं ती नौका आखली, खरीच्या मापाची! लांबीला सव्वाशे ढांगा, रुंदीला चौदा. सगळं गाव बांधावर जमलं. पुढचं टोक सुरीसारखं, लाटा कापायला. इथं तोफा. इथं पाण्यात आवाज सोडायचं यंत्र. तो आवाज पाणबुडीवर आदळून परत येतो आणि ती कुठं दडलीय ते कळतं. इथं दोन बॉयलर, त्यांच्या वाफेवर फिरणारी चक्रं. समुद्राचं खारं पाणी गोडं करायची सोयसुद्धा आतच. आम्ही तोंडात बोट घालून ऐकत होतो.

आई मात्र बॉयलरच्या चौकटीत जाऊन उभी राहिली. "हितं तू? पान्याच्या वर का खाली?"

"खाली, आय."

"आन् भोक पडलं तर?"

"खोल्या येगयेगळ्या हायेत. दार घट्ट लावलं की पानी तिथंच थांबतं. नाव बुडत न्हाई."

"दार लावताना आत कोनी असलं तर?"

ज्ञानूनं विस्कटलेली फक्कीची रेघ पायानं नीट केली. मग म्हणाला, "आदी हाक मारत्यात, आय."

आईनं त्या पांढऱ्या रेघांवरून एकदा नजर फिरवली. "एवढं मोठं मानसानं केलं…" ती पुटपुटली, आणि म्हणाली, "जा."

गेल्या आठवड्यात त्याचं सामान आणायला मी मुंबईला गेलो. नौदलाच्या साहेबांनी ती नौका बघू दिली. लोखंडी शिडीनं खाली उतरलो. नळ्यांचं रान, अंगाला भाजणारी हवा, कान भरून टाकणारी घरघर. पोलादाच्या भिंतीपलीकडे समुद्र होता.

ज्ञानूच्या जागी आलेल्या केरळी खलाशानं वाफेच्या नळीवरचं एक चाक दाखवलं. हात भाजू नये म्हणून त्यावर सुतळी गच्च गुंडाळली होती. आमच्याकडे कांद्याच्या गोण्या शिवतात तीच, घामानं काळी पडलेली.

"ये ज्ञानू ने बांधा," तो म्हणाला. "सब इसको ज्ञानू ही बोलते हैं. ज्ञानू खोलो, ज्ञानू बंद करो."

मी त्यावर हात ठेवला. सुतळी ऊन होती.