मोठीमायचं वावर आणि मोठा पिक्चर

मोठीमायच्या वावरात शूटिंग झालेल्या पिक्चरची तारीख ठरल्याचं मला कळलं तेव्हा मी बुलडाण्याला कॉलेजच्या व्हरांड्यात उभी होते. दोन वर्षं नुसती पुढे ढकलली जाणारी तारीख शेवटी जाहीर झाली होती. मी लगेच बाबांना फोन लावला, कारण मोठीमायचा मोबाइल बहुतेक बंदच असायचा आणि तिच्याशी बोलायचं तर बाबा आपला फोन घेऊन शेजारी तिच्या घरी जायचे. मी हॅलो म्हणायच्या आत बाबांनी विचारलं, "तुले कोणी सांगितलं?" मला वाटलं, तारखेचंच विचारताहेत. मी म्हणाले, मैत्रिणीनं मोबाइलवर दाखवलं. तेव्हा बाबा म्हणाले, "मोठीमाय गेली, बाई. सकाळी वावरात. तू ये."

आता पोळाही होऊन गेला. आजवर मी परीक्षेतली उत्तरं आणि कॉलेजातला एक सेमिनार यापलीकडे काही लिहिलेलं नाही, त्यामुळे हे कसं लिहायचं ते मला नीट माहीत नाही. पण तो सेमिनारसुद्धा तिच्यामुळेच सुचला होता, म्हणून धीर करते आहे.

मोठीमाय म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. मोठेबाबा गेले तेव्हा मी फार लहान होते, मला त्यांचा चेहरा फोटोतलाच माहीत. त्यांचा मुलगा गजाननदादा पुण्याला कंपनीत लागला आणि अमडापूरच्या रस्त्याला लागून असलेलं वावर, म्हणजे शेत, मोठीमाय एकटीच पाहू लागली. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. मला होस्टेलला ठेवायचं की नाही हे बाबांचं कितीतरी दिवस ठरत नव्हतं. घरात कामाला हात कमी, त्यात पोरगी बाहेरगावी. तेव्हा मोठीमाय ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "जाऊ द्या पोरीले. निंदाले मी हाये न." बाबांनी दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला. म्हणजे माझ्या शिक्षणाच्या मुळाशी तिचं ते निंदणं, पिकातलं गवत उपटणंच आहे, असं मला नेहमी वाटतं.

आणि तिचं निंदणं साधं नव्हतं. तिच्या वावरात गवताची काडी दिसायची नाही. सोयाबीन आणि तुरीच्या ओळींमधली काळी माती सारवलेल्या अंगणासारखी मोकळी असायची. त्याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवत नसे. शेजारच्या वावरातल्या काकूंना ती धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ओरडून विचारायची, तुह्या वावरात पीक पाहाले कंदील आणू का वो? काकूही कमी नव्हत्या, त्या म्हणायच्या, तुह्या वावरात गाय आली तर उपाशी मरन. दोघी मग एकाच चिंचेखाली बसून शिदोरी सोडायच्या.

फक्त एका वर्षी तिचं वावर गवतानं भरलं. दोन वर्षांपूर्वी पावसाची झड लागली होती, त्यात ती ओसरीवर घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. गाजरगवत, केना, तरोटा, सगळं कमरेएवढं वाढलं. ती खाटेवर पडल्या पडल्या रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारायची, वावर कसं दिसते? आणि नेमक्या त्याच वर्षी पिक्चरवाले आले. त्यांचं मोठं काम लोणारला चाललं होतं. ते उरकून खामगावकडे जाताना त्यांना रस्त्यावरून हे वावर दिसलं आणि गाड्या थांबल्या. त्यांच्या गोष्टीत राजा गाव सोडून जातो, गाव ओस पडतं आणि वर्षांनी त्याचा मुलगा घोड्यावरून आपल्या उजाड शेतात परत येतो. मागे टेकडी, एकटी चिंच आणि पुढे हे रान. त्यांना हवं होतं ते सगळं तिथे आयतं होतं.

बाबांनी मोठीमायला विचारलं. पिकाची भरपाई ते द्यायला तयार होते. ती नको म्हणत होती, पैशासाठी नाही, लाजेसाठी. एवढी वर्षं वावर चांगलं ठेवलं, तेव्हा कोणी फोटो काढला नाही... पण गावात एकदा बातमी फिरली म्हटल्यावर नाही म्हणणं अवघड झालं. एक दिवस शूटिंग झालं. घोडा धावला, अर्धा प्रसंग झाला आणि पाऊस आला. जाताना त्यांच्यातल्या एका हिंदी बोलणाऱ्या मुलानं बाबांना आणि तिला दोनदोनदा बजावलं, हीरोला घेऊन पुन्हा येतो, तोवर फसलला हात लावू नका.

त्यानंतर तिचं प्लास्टर निघालं.

गौरीच्या सुट्टीत मी घरी आले होते आणि ते लोक परत आले त्या सकाळी मीही वावरात होते. गाड्यांची रांग लागली, छत्र्या उतरल्या, मोठाले दिवे उतरले. तो हिंदी बोलणारा मुलगा पुढे आला आणि चिंचेखाली येऊन त्यानं चक्क डोकं धरलं. रस्त्याकडचं सगळं वावर लख्ख झालं होतं. मोठीमाय, माझी माय आणि गावातल्या दोघी बायांनी मिळून ते निंदून काढलं होतं. मोठीमाय नवं लुगडं नेसून, पदर नीट घेऊन पाहुण्यांची वाट पाहत उभी होती. त्यानं विचारलं, हात लावू नका सांगितलं होतं ना? मोठीमायला त्याचा राग कळेचना. ती बाबांकडे वळून म्हणाली, "पिकाले हात लावू नका म्हणले होते. पिकाले मी कुठी हात लावला? गवताचं तर कोणी काही म्हणलं नाही." आणि मग हळूच, जणू त्यानं एवढंही समजून घ्यावं म्हणून, "पाव्हणे येनार, अन् घर झाडाचं नाही काय?"

त्या मुलाला मराठी येत नव्हतं. मी मोडक्या हिंदीत सांगितलं. तो आधी माझ्याकडे पाहत राहिला, मग तिच्याकडे... आणि हसायलाच लागला. अडचण मात्र खरी होती. आदल्या प्रसंगात घोडा गवतातून आला होता आणि आता हीरो उतरला की पायाखाली स्वच्छ माती. मोठीमायला चूक समजली तेव्हा तिनं धुऱ्यावर टाकलेलं उपटलेलं गवत टोपल्यानं आणून पुन्हा रोवायला घेतलं. पिक्चरवाल्यांची माणसंही रोवू लागली. दुपारपर्यंत उन्हानं ते सगळं मान टाकून पडलं. हीरोला पुन्हा यायला वेळ नव्हता, त्यामुळे तसंच शूटिंग झालं. गवत नंतर कॉम्प्युटरवर लावू, असं ठरलं. त्यासाठी कुठल्या तरी मोठ्या शहरात माणसं बसतात, पडद्यावरच्या एकेका क्षणात एकेक पान लावतात आणि त्याला महिने लागतात, असं तो मुलगा मला सांगत होता. मी ते मोठीमायला सांगितलं. ती म्हणाली, "गवत लावाले माणसं? मजुरी देऊन?"

त्या दिवसापासून आमच्यात एक गंमत सुरू झाली. बाबांच्या फोनवर ती बोलायला आली की माझी तब्येत, जेवण काही विचारायच्या आधी तिचा प्रश्न ठरलेला असायचा, उगवलं का त्यायचं गवत? मी म्हणायचे, अजून उगवून राह्यलं. पिक्चर दिवाळीला येणार होता, मग उन्हाळ्यात, मग पुन्हा पुढे. ती म्हणायची, युरिया टाका म्हना.

अर्थशास्त्राच्या सरांनी सेमिनारला विषय निवडायला सांगितला तेव्हा मी म्हणूनच लिहिलं, मोठ्या चित्रपटांचा खर्च इतका का होतो. मला बोलायची भीती वाटते, पण या विषयावर माझ्याकडे सांगण्यासारखं काही तरी होतं. नटांचं मानधन, उभारलेली आणि नंतर पाडून टाकलेली गावं, शेकडो माणसांचं जेवणखाण, उन्हासाठी नि ढगासाठी थांबून राहिलेले दिवस, कॉम्प्युटरवरची महिनोन्महिन्यांची कामं, आणि शेवटी हे सगळं लोकांना कळावं म्हणून जाहिरातीवर तेवढाच खर्च. सुट्टीत मी ते सगळं चिंचेखाली बसून मोठीमायला वाचून दाखवलं. थांबून राहण्याचं तिला लगेच पटलं. "पावसाची वाट पाहनं आपल्यालेबी महागच पडते," असं ती म्हणाली. मग विचारलं, "माह्या निंदनाचं लिहिलं का यात?" मी म्हणाले, लिहिलं. तिला बरं वाटलं की वाईट, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

वाईटच वाटलं असावं, कारण तिच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती. सगळं जग तो पिक्चर पाहणार आणि त्यात तिचं वावर गवतानं भरलेलं दिसणार. तिला आशा होती की लावणारे कंटाळतील आणि निदान चिंचेजवळचा तुकडा तसाच राहील. "मले पिक्चर नाही पाहाचा. मले फक्त माह्यं वावर पाहाचं हाये," ती म्हणायची. मी तिला कबूल केलं होतं की पहिल्याच दिवशी बुलडाण्याच्या टॉकीजमध्ये घेऊन जाईन. ती आयुष्यात एकदाही टॉकीजमध्ये गेली नव्हती. त्या सकाळी मी फोन केला तो त्याच्यासाठी होता...

महिनाभरानं पिक्चर लागला तेव्हा मी माझ्या मायला घेऊन गेले. वावर यायला फार वेळ लागला. मग ढोल वाजले, घोडा आला, टेकडी आली आणि चिंच आली. मायनं माझा हात धरला. तिथे कुठेच माती दिसत नव्हती. चिंचेच्या बुंध्यापर्यंत उंच, तुऱ्यांचं, वाऱ्यावर लाटा घेणारं गवत. माय कुजबुजली, हे तं आपल्याकडचं गवतच नाही. खरंच नव्हतं. पण ते इतकं सुंदर आणि इतकं एकाकी दिसत होतं की टॉकीजमधली गडबड थांबली होती. हीरो काही न बोलता त्यातून चालत गेला, आणि लगेच दुसरा प्रसंग आला. मोठीमाय असती तर तिनं तोंडाला पदर लावला असता. मला ती शेजारी बसून चिडायला हवी होती. दुसरं काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वावरात गेलो. ती गेल्यापासून तिकडे कोणाचं पाऊल वळलं नव्हतं. गजाननदादा दिवस करून पुण्याला परतला होता, बाबा आपल्याच पिकात गुंतले होते. रस्त्यावरून पाहिलं आणि मी थांबलेच. केना, तरोटा, गाजरगवत नुसतं माजलं होतं, सोयाबीन कुठे दिसेना. पिक्चरवाल्यांनी एवढी माणसं बसवून, एवढे महिने लावून जे उगवलं होतं, ते तिच्या नसण्यानं आपोआप उगवलं होतं.

आत शिरल्यावर मात्र चिंचेपासून निघणाऱ्या काही ओळी वेगळ्या दिसल्या. तिथलं सोयाबीन गर्द आणि उंच होतं, खाली नुकतं फुटलेलं बारीक गवत. निंदताना बाई आपल्यापुढच्या चार-पाच ओळी धरून सरकत जाते, त्याला आमच्याकडे पात म्हणतात. ही मोठीमायची शेवटची पात होती. वावराच्या मध्यापर्यंत ती सरळ आली होती, आणि एका जागी संपली होती. त्यापुढे एकदम रान.

मी त्या जागी बसले. पुढचं गवत उपटायला हात घातला आणि थांबले. ते निंदलं की ती कुठपर्यंत आली होती ते कधीच कळणार नव्हतं... मायनं मला पाहिलं. ती रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "तिथून नको लागू. एखादीची पात मांगं राह्यली तर बाया काय करतात?"

मला ते माहीत होतं. ज्या बायांची पात आधी टोकाला लागते त्या परत फिरतात, मागे राहिलेलीच्या ओळी दुसऱ्या टोकाकडून धरतात, आणि निंदत निंदत तिला समोरून येऊन भेटतात.

आम्ही वळसा घालून पलीकडच्या धुऱ्यावर गेलो. तिच्याच ओळी मोजून धरल्या, आणि तिच्याकडे तोंड करून बसलो.