निळ्या शालीची दशी

सकाळी गॅस पेटवताना मनगटावरचे केस जळाले आणि त्या वासासरशी इस्तंबूलमधलं ते दुकान डोळ्यांपुढे आलं. ऑफिसच्या कामासाठी गेले होते, शनिवार-रविवार मोकळा मिळाला म्हणून पर्स छातीशी आवळून एकटीच बाजारात भटकत होते. आईसाठी रेशमी शाल घ्यायची होती. एका म्हाताऱ्या दुकानदाराने चक्क हिंदीत हाक मारली, "बहन, चाय पियो." परक्या मुलखात कुणी इतकं गोड बोलायला लागलं की आम्ही भिवंडीकर आधी सावध होतो. मी चहाला हात लावला नाही. त्याने निळी शाल उलगडली. "असली रेशम," म्हणाला. ज्यांच्या घरात लूम आहेत, ते असल्या शब्दावर कापड घेत नाहीत. मी दशीतला एक धागा उपटला आणि त्याला न विचारता त्याचाच लायटर उचलून तो जाळला. जळक्या केसांचा वास आला, बोटांवर भुसभुशीत राख उरली. रेशीम खरं होतं. मी पर्स उघडली, तोवर त्याने शालीची घडी घालून ती कपाटात ठेवलीसुद्धा. "आपको नहीं बेचना, बहन." शेवटी विमानतळावरच्या झगमगीत दुकानातून तशीच निळी शाल घेतली, तिथे धागा जाळून बघायचं मनातही आलं नाही. घरी आईने ती बोटांत चोळली, एक धागा गॅसवर धरला. त्याचा काळा, टणक मणी झाला. "पलास्टिक हाय," ती म्हणाली. "घेताना जाळून न्हाय बघितलास धागा?" बघितला होता, पण भलत्याच शालीचा. हे मी तिला अजूनही सांगितलेलं नाही.