तीन कुलपांचा सर्व्हर

देवाकडेसुद्धा जामीनदार मागेल असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मूळचे पेडण्याचे, राहायला सर्वणला, आणि लाटंबार्शाच्या बाजूच्या एका हायस्कुलात गणिताचे मास्तर. सकाळी पोदेर पावांची टोपली घेऊन दारात आला की हे सगळ्यात खालचा पाव मागायचे. का, तर वरचे दाखवायला ठेवलेले असतात. नारळ कानाशी धरून सगळेच हलवतात. हे नारळ हलवताना नजर विकणाऱ्याच्या तोंडावर ठेवायचे. बसचं तिकीट उन्हात धरून बघायचे. राजभाषेचा वाद पेटला होता तेव्हा आधी मराठीवाले त्यांच्याकडे सही मागायला आले, मग कोंकणीवाले. दोघांनाही त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि एकच प्रश्न विचारला, "तुमचीं भुरगीं खंयच्या शाळेत शिकतत?" दोन्हीकडची मुलं इंग्रजी शाळेत होती; माणसं चहा अर्धा टाकून उठली.

माझ्यावरचा त्यांचा संशय मात्र खास राखीव होता. मी सावंतवाडीकडून खाणीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून गोव्यात आलो. ट्रक सोडून रेडिओ दुरुस्त केले, मग पंप, मग कॉम्प्युटर, आणि डिचोलीच्या बाजारात स्वतःचं दुकान घातलं. माझ्याशी घासाघीस करून जिंकलेलं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं आहे. सासरच्या माणसांना याचा अभिमान वाटायला हवा होता. साडूंना त्यात फक्त धोका दिसला. त्यांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला मी मिक्सर नेला, तर जेवणाच्या पंगती उठायच्या आत त्यांनी माझ्यासमोर तो उलटा करून त्याचा तळ उघडला. आत मोटर नवीच होती. "आसा हां मोटर," असं म्हणून त्यांनी स्क्रू परत लावले. मी मिक्सर उचलून चालू लागलो होतो. बायकोने हात धरला म्हणून राहिलो.

अशा माणसाच्या हाती शाळेने लॅपटॉपचं काम दिलं. मुलांसाठी लॅपटॉप यायचे होते. ते शाळेतच राहणार आणि वर्गावर्गांत फिरणार, म्हणून प्रत्येक मुलाचं काम एका जागी साठवून ठेवणारा सर्व्हर हवा होता. तो वेळेत उभा राहिला नाही तर लॅपटॉप कपाटात जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या शाळेचं कपाट म्हणजे भूक न भागणारा राक्षस. आधी आलेली सूक्ष्मदर्शकं त्याच्या पोटात बुरशी धरून बसली होती. साडूंना त्या कपाटाचा मनापासून राग होता. आयुष्यात त्यांना संशय न घेता कशाचा राग आला असेल, तर त्याचाच.

कोणीतरी त्यांना सांगितलं की सर्व्हर चालवायला लिनक्स नावाची प्रणाली घाला, फुकट मिळते. फुकट म्हटल्यावर साडूंची झोप उडाली. ते दुकानात आले आणि मला म्हणाले, "फुकट देता तो कोण? आणि देवन तेका झोप कशी लागता?" मी समजावलं की लिनक्स म्हणजे तांदूळ. तांदूळ एकच, कोणी पेज करतं, कोणी पोळे, कोणी सान्नां. जगात जो तो आपल्या पद्धतीने रांधून वाढतो, त्या प्रत्येक रांधपाला डिस्ट्रिब्युशन म्हणतात, आणि आपण त्यातलं एक निवडायचं. साडूंनी विचार केला आणि म्हणाले, रांधणाऱ्याचे हात बघितल्याशिवाय मी जेवत नाही.

मग त्यांनी हात बघायला सुरुवात केली. परवान्याचा मजकूर डिक्शनरी घेऊन शब्दन्‌शब्द वाचला. त्यात फसवणूक सापडली नाही म्हणून पुन्हा वाचला. शेवटी तीन डिस्ट्रिब्युशनं उरली, आणि त्यांनी त्यांची बारशी केली. एक दर सहा महिन्यांनी नवं होऊन यायचं, तो उतावळा. एकामागे मोठी कंपनी होती, ती मदत करायची पण करार करून, तो सावकार. तिसरं जगभरच्या हौशी माणसांनी चालवलेलं, दिसायला ओबडधोबड, दोन वर्षं मागे असलेलं; तो म्हातारा. तिघांच्या परीक्षेसाठी माझ्याकडून तीन मशीनं उसनी नेली. मी सुटे भाग बदलीन म्हणून नेण्याआधी प्रत्येक भागावर मेव्हणीच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, नेलपॉलिशचे ठिपके दिले. माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून.

परीक्षा त्यांच्या स्वभावासारखीच होती. आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी येते, म्हणून मुलं टाइप करत असतानाच हे शाळेचा फ्यूज काढून घ्यायचे आणि परत लावून बघायचे की कोण किती विसरलं. उतावळ्याने मध्येच स्वतःला नवं करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी एकाही मुलाला ओळख देईना. सावकार नीट चालला, पण काही नवं घालायचं म्हटलं की आधी कराराचा नंबर विचारी. म्हातारा मात्र प्रत्येक वेळी खोकत खोकत उठायचा आणि सगळ्या मुलांची कामं जिथल्या तिथे परत द्यायचा.

तरी शाळेच्या बैठकीत मी सावकाराची बाजू घेतली. बिघडलं तर फोन उचलणारा कोणी तरी हवा, असं माझं म्हणणं होतं आणि ते आजही खोटं नाही. करार माझ्या दुकानातून झाला असता, त्यात माझा फायदा होता हेही खरं. फायदा नको असता तर मी दुकानाऐवजी देऊळ बांधलं असतं. साडूंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "शेट, तुझो सावकार बरो आसा. पण तू तेचो कोण?"

सगळे हसले. मी उठलो तेव्हा खुर्ची पडली. हेडमास्तर म्हणाले, आवाज खाली ठेवा, ही शाळा आहे. मी त्यांना सांगितलं की ही शाळा नव्हे, म्हाताऱ्याची खाट आहे, आणि निघालो. त्या दिवसापासून हेडमास्तरांचं आणि माझं बोलणं बंद. साडूंचंही. म्हातारा निवडला गेला. लॅपटॉप आले, आणि कपाटात न जाता मुलांच्या हातात गेले. हे मला बाजारात तीन वेगवेगळ्या माणसांनी आनंदाने सांगितलं, जणू मी ते ऐकायला उपाशीच होतो.

पुढे एकदा दुपारी दुकान बंद करायच्या वेळी साडू दारात उभे. शटर अर्धं ओढ म्हणाले. आत आले, आणि बसण्याआधीच विचारलं, "देवळाच्या पेटीक तीन कुलपां कित्याक रे?"

आमच्या भागात हे विचारायची गरज नाही. पेटीला तीन कुलपं, चाव्या तीन महाजनांच्या घरांत. तिघे जमले तरच पेटी उघडते. साडूंनी सर्व्हरच्या मुख्य पासवर्डचं तसंच केलं होतं. तीन तुकडे. एक हेडमास्तरांना, एक मेव्हणीला.

"तिसरो तुका," ते म्हणाले.

मी विचारलं, माझ्यावर कधीपासून भरवसा?

"भरवसो खंय? हेडमास्तर आणि तू एकमेकांचा तोंड बघणात नाय. तुमी दोघे मेळून लबाडी करूक शकणात नाय."

मला इतका राग आला की हसू फुटलं. विश्वाससुद्धा या माणसाने संशयातूनच गाळून काढला होता. माझा तुकडा लिहून घेऊ दिला नाही. तोंडपाठ करायला लावलं. चुकलो की म्हणायचे, "परत म्हण." मी म्हटलं, तुम्हाला तर सगळा ठाऊक आहे, मग ही भानगड कशाला? ते शटरखालच्या उन्हाकडे बघत म्हणाले, "आज ठाऊक आसा. फाल्यां मी आसतलंय, तेका जामीन कोण?"

जामीन कोणीच नव्हता. पुढच्या काजूच्या हंगामात ते गेले, वर्गात फळ्यासमोर.

त्यानंतर वळवाच्या विजेने सर्व्हर बंद पडला. नवीन मास्तरांना आत शिरता येईना, मुलांची वर्षाची कामं आत. तिघांना बोलावणं आलं. हेडमास्तरांनी आपला तुकडा टाइप केला तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. माझ्या वेळी त्यांनी केलं. मेव्हणी सर्वणहून बसने आली होती. तिने चष्मा लावला आणि एका बोटाने, देवाला फूल वाहावं तशी, एकेक अक्षर दाबलं. म्हातारा खोकत उठला. सगळं जिथल्या तिथे होतं. हेडमास्तरांनी चहा मागवला आणि मला विचारलं, साखर चालते ना? मी म्हटलं, चालते.

आता काही करायचं निघालं की आम्ही तिघे जमतो. मेव्हणी डब्यातून पातोळ्या आणते; हेडमास्तर निवृत्त झाले तरी येतात. नवीन मास्तर म्हणतात की मशीन बदलू, पासवर्ड एकाकडेच ठेवू, सोपं पडेल. त्यांचं बरोबर आहे, मी स्वतः याच धंद्यातला आहे. तरी दर वेळी मी काहीतरी खुसपट काढून ते पुढे ढकलतो, आणि हेडमास्तर, ज्यांचं आणि माझं कशावरच जमत नाही, ते मान डोलावतात.

माझा तुकडा मी बायकोलाही सांगितलेला नाही. दुपारी शटर अर्धं ओढलं की कधी कधी तो मनात म्हणून बघतो. मध्येच मुद्दाम एक अक्षर चुकवतो, आणि कोणी टोकतं का ते ऐकत थोडा वेळ थांबतो.