चष्मेवाल्याचं विमान मैदानावर पोचतं

आमच्या वरच्या मजल्यावर एक चष्मेवाला राहतो. त्याच्या विमानांना आकाशात आजवर एकही अपघात झालेला नाही. झाले ते सगळे रस्त्यावर.

दिवसभर दुकानात भिंगं घासायची, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा चढवून “आता दिसतं का?” विचारायचं, आणि संध्याकाळी मागच्या खोलीत शिरून रिमोटवर उडणारी विमानं बनवायची, हा त्याचा नऊ वर्षांचा नेम. हात असा की लाकडाची पट्टी कागदाइतकी पातळ तासेल. पण विमानं उडवायचं मैदान वीस किलोमीटर लांब आणि घरात वाहन एकच, जुनी मोटारसायकल. सहा फुटी पंख, दोन फुटी सीट! नऊ वर्षांत सहा विमानं झाली; आख्खं एकही मैदानावर पोचलं नाही.

पहिलं त्याने आडवं बांधलं. पहिल्याच वळणावर डाव्या पंखाने फळवाल्याची छत्री उचलली, उजव्याने एका सायकलवाल्याची टोपी. दुसरं पाठीला बांधलं, तर बसच्या वाऱ्याने विमान जागच्या जागी फिरलं आणि ह्याच्याच हेल्मेटवर आपटलं. तिसऱ्याच्या वेळी पंख उभा धरून बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, मागे बसवलं. पुलावर वारा सुटला.

“अहो, मला उचलतंय!”

“घट्ट धर!”

“मला धरू की ह्याला?”

“त्याला!”

त्यानंतर पंधरा दिवस त्या घरात फक्त शिवणयंत्राचा आवाज येत होता. भिंतीला कान लावायची गरज पडत नाही, आमच्या इमारतीच्या भिंती मोकळ्या मनाच्या आहेत.

वहिनी कपडे शिवतात. गिऱ्हाईक आलं की मापं स्वयंपाकघरात, गॅस आणि फ्रीजच्या मधे उभं करून. एकदा एका बाईंच्या झग्याला फोडणीचा वास लागला, तेव्हा वहिनींनी निकाल दिला. “सातवं विमान आख्खं पोचवा आणि उडवून दाखवा. नाहीतर मागची खोली माझ्या यंत्राला. तुमची ती मढी भंगारात.”

चष्मेवाला चष्मा पुसत राहिला. त्याला बोलायचं नसलं की चष्मा मळतो.

पण बाई दिलदार. निकाल दिला आणि मदतीलाही बसली. जुन्या गोधडीची लांबलचक खोळ शिवली. त्याने लाकडी चौकट करून मोटारसायकलच्या डाव्या अंगाला लावली आणि पंख पहिल्यांदाच उभ्या लांबीत निजला. धड सीटमागच्या कॅरियरवर. वहिनी नवऱ्याच्या पाठीला पाठ लावून, उलट्या तोंडाने, विमानाची शेपटी मांडीवर घेऊन. खड्डा आला की तो कोपराने एक ढोसणार, वळण आलं की दोन. तालमी जिन्याखाली चालायच्या. मी पेपर वाचायचो, म्हणजे धरायचो.

इथवर सगळं शहाणपणाचं होतं. पण विमान बनवणाऱ्याच्या डोक्यात समतोल नावाचा किडा असतो. डावीकडे चौकटीचा भार, मग उजवीकडे तेवढाच भार नको? त्याने स्वयंपाकघरातला काटा आणून चौकट तोलली आणि बरोबर तेवढ्या वजनाची पिशवी उजवीकडे टांगली. पिशवीत पाने, पक्कड आणि तळाशी रबरबँडची पुडी. त्याच्या जुन्या पद्धतीच्या विमानात पंख धडावर ठेवून जाड रबरबँडांनी आवळतात. ते नसले की विमान म्हणजे नुसता शोपीस.

रविवारी सकाळी मी स्कूटर घेऊन मागे निघालो. सातवं कुठे मोडतं ते गल्लीत सर्वांत आधी मला कळायला नको? माझा काही मान आहे. वहिनींचं तोंड माझ्याकडेच. वीस किलोमीटर आम्ही समोरासमोर.

“काय भाऊजी, दूध आणायला?”

“लांबचं दूध चांगलं असतं, वहिनी.”

“हो ना. आणि नासलं तर आधी बातमी!”

ढोसण्या बिनचूक पडत गेल्या आणि विमान मैदानावर पोचलं. आख्खं! मी एवढा निराश आयुष्यात झालो नव्हतो.

मैदानावर वहिनींचा धाकटा भाऊ आधीच हजर. ह्याचं विमान विकतचं, गाडीच्या डिकीतून मऊ पेटीत घालून आणलेलं. “दाजी, पोचलात? चालत?” असं म्हणून स्वतःच हसला. दहानंतर मैदानावर वारा वाढतो आणि उडवणं बंद करतात. नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

चष्मेवाल्याने पंख धडावर ठेवला, पिशवी उघडली आणि तसाच बसून राहिला. पिशवी वाटभर सायलेन्सरला टेकून आली होती. पान्यांना काही झालं नव्हतं. तळाची पुडी मात्र वितळून पाक झाली होती. नऊ वर्षं माणूस वारा, खड्डे आणि बस ह्यांच्यावर डोळा ठेवून राहिला आणि बुडाखालच्या निखाऱ्याकडे बघायला विसरला.

“रबरबँड आहेत कोणाकडे?”

“रबरबँड?” मेहुणा म्हणाला. “दाजी, आता सगळ्यांच्या पंखांना स्क्रू असतात. रबरबँड मिठाईच्या खोक्यांना लावतात.”

चष्मेवाल्याने चष्मा काढला आणि पुसायला लागला. पुसतच राहिला. मीही मग स्कूटरची डिकी धुंडाळली.

“अहो, उठा,” वहिनी म्हणाल्या. हा आवाज मापं घेतानाचा. “हात वर.”

ह्याने केले. नऊ वर्षांत एवढा आज्ञाधारकपणा मी पाहिला नव्हता. वहिनींनी पर्समधून कात्री काढली आणि ह्याच्या पॅन्टचा नेफा उसवायला घेतला.

“अगं, लोक बघतायत!”

“लोक विमान बघायला आलेत. तुम्हाला कोण बघतंय?”

“ताई, हे काय चाललंय?” मेहुणा.

“तू गप रे. तुझ्या पॅन्टला पट्टा आहे, तू काय कामाचा!” सर्रकन इलॅस्टिक बाहेर आलं. “बेचाळीस इंच. मीच घातलंय. मागच्या वर्षी छत्तीस होतं, विमान काय, तुम्हीच जड झालात.”

पदराआड नाही, उघड्या मैदानात बसून तिने त्या इलॅस्टिकचे तुकडे केले, टाके घालून कड्या केल्या आणि पंखावरून आडव्यातिडव्या ओढून बसवल्या. पंख हलेना. चष्मेवाला एका हाताने पॅन्ट धरून उभा.

दहाला पाच कमी. रिमोटला दोन दांड्या असतात आणि त्या दोन हातांनीच चालतात. त्याने विमानाकडे पाहिलं, पॅन्टकडे पाहिलं, मग आभाळाकडे. आणि पॅन्ट सोडली.

ती गुडघ्यापर्यंत जायच्या आत वहिनींनी मागून मूठ आवळली.

विमान धावलं, अडखळलं, सुटलं आणि वर गेलं! ते डावीकडे वळलं की चष्मेवाला वळायचा, चष्मेवाला वळला की मुठीसकट वहिनी वळायच्या. चष्मा घामाने घसरून नाकाच्या शेंड्यावर आला, पण हात मोकळा कुठला? वहिनींनी दुसऱ्या हाताने तो वर ढकलला.

“आता दिसतं का?”

“दिसतं,” तो म्हणाला. आवाज जरा ओला होता. गल्लीत हे मी सांगितलं नाही, इथेच सांगतोय.

विमान आख्खं उतरलं. पैज तो जिंकला, आणि परतल्यावर स्वतःच वहिनींचं यंत्र मागच्या खोलीत ओढून नेलं. विमानं आता छताला टांगलीत, खाली मापं होतात. मान वर करून उभं राहिलेलं गिऱ्हाईक हमखास विचारतं, “त्या सातव्याला काय हो बांधलंय?”

वहिनी टेप न सोडता सांगतात, “ह्यांची पॅन्ट.”