ब्रिक गेम आणि आखाजीचे बारा दिवस

आयुष्यात एकदाच मी समोरच्याने सांगितलेल्या पहिल्या भावाला घासाघीस न करता हो म्हटलं, आणि बुडालो. समोर माझी बायको होती. इतकी वर्षं झाली, तरी तो राग मी सोडलेला नाही.

तेव्हा आम्ही सुरतेत डिंडोलीला राहत होतो. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर. बारा-बारा तास लूमवर उभं राहून मी नुकताच स्वतःचा धंदा सुरू केला होता. मिलमधून निघालेले कापडाचे तुकडे, तिकडे त्याला फेंट म्हणतात, ते गाठोड्यांनी आणायचे, घरी निवडायचे आणि विकायचे. बायको साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम घरी आणायची. लग्नाला दोन वर्षं झाली होती.

ब्रिक गेम मी चौटा बाजारातून आणला. वरून ठोकळे पडतात ते रचायचे, ओळ भरली की ती गायब होते, तोच. भाव करताना दुकानदाराला इतकं घासलं की तो हात जोडून म्हणाला, "ले जाओ भाई, पर कल मत आना." सेलसुद्धा मी वरून घेतले.

जेवणं झाली की आम्ही गाठोड्याला टेकून बसायचो. एक डाव माझा, एक तिचा. धागे कापून तिची बोटं अशी चालायची की ठोकळा पडायच्या आधीच वळलेला असायचा. मी एका कडेला उभा खड्डा राखून ठेवायचो. लांब दांडी आली की चार ओळी एकदम. दांडी यायची नाही, ढीग वर चढायचा आणि डाव संपायचा.

"भाव करता तसेच खेळता तुम्ही," ती म्हणायची. "अजून चांगलं येईल, अजून चांगलं येईल! आलेला ठोकळा ठेवा की गपचूप."

"तू मला धंदा शिकव आता."

"धंदा नाही, ठोकळे शिकवते. आणा इकडे."

आणि खांद्याने मला ढकलून गेम काढून घ्यायची. तिचं डोकं माझ्या खांद्यावर असताना मी हरलो, तर मला फारसं वाईट वाटत नसे. पण हे मी तिला कधी सांगितलं नाही. भाव वाढतो.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधी बारडोलीहून एक गिऱ्हाईक आलं. मी त्याला पटवत आणलं होतं : एवढाच माल राहिलाय, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि मोठ्या प्रेमाने म्हणाली, "अहो, पलंगाखालची दोन गाठोडी पण दाखवा ना यांना."

गिऱ्हाईक हसलं. "छेल्लो माल, नई शेठ?" शेवटचा माल ना, असं म्हणालं, चहा प्यायलं आणि उठून गेलं. ते दारात असतानाच मी तिच्यावर ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. ती गाठोडी दाखवायची नव्हती, हे मी तिला आधी सांगितलेलं नव्हतं, एवढं खरं. पण डोकं नको चालवायला?

अबोला सुरू झाला. ताट समोर यायचं, शब्द यायचा नाही. गेम मात्र चालू राहिला. मी खेळून फळीवर ठेवायचो, ती उचलायची. चौथ्या दिवशी पाहिलं तर पडद्यावर सगळ्यात मोठा आकडा तिचा होता, माझ्या दुप्पट. त्या ब्रिक गेमचे सेल काढले की सगळे आकडे पुसले जायचे. मी सेल उपसले आणि भिंतीवरच्या घड्याळात एक घालून टाकला. घड्याळ चांगलं चालू होतं.

तिने पाहिलं. कात्रीचा आवाज थांबला.

मी पाठ फिरवून बसलो. बाजारात हीच माझी युक्ती. गप्प बसायचं, पाठ फिरवायची, समोरचा आपोआप खाली येतो. ती आली नाही.

आणि तिचा भाऊ आला. आमच्या खानदेशात आखाजीला लेकी माहेरी जातात, भाऊ न्यायला येतो. झोके, गाणी, सगळं. मागच्या वर्षी ती आठ दिवसांनी परत आली होती. पण अबोल्यात गेलेली बाई कधी परत येईल, कोण सांगणार? माझी आत्या अशीच आखाजीला गेली होती, ती दिवाळीला आली. भाऊ पिशवी घेऊन खाली रिक्षा बघायला गेला. उधन्याहून पॅसेंजर पकडायची होती. ती आरशासमोर पदर नीट करत होती.

"कितला दिन?" मी विचारलं. पाच दिवसांनंतरचा माझा पहिला शब्द, तोही घरच्या अहिराणीत निघाला.

ती आरशातूनच म्हणाली, "बारा."

आठ म्हणायचं ओठांवर आलं होतं. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

"बारा तर बारा," मी म्हटलं. "आणि तो आकडा... मी पुसायला नको होता."

ती वळली. पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं, आणि हसू दाबत म्हणाली, "जरा ताणून धरायचं ना! मी नऊवर आले असते."

"मग नऊ!"

"आता नाही. सौदा झाला." आणि जिना उतरून गेली.

मी घड्याळातला सेल काढून पुन्हा गेममध्ये घातला. बारा दिवस खेळलो, आलेला ठोकळा गपचूप ठेवत. आकडा तिच्या जुन्या आकड्याच्या पुढे गेला. तो पुसू नये म्हणून सेलला हात लावला नाही. दाखवायला कोणी नव्हतं, एवढंच.

ती तेराव्या दिवशी आली. गाडी चुकली म्हणे. म्हणजे मी तीन नाही, चार दिवसांना बुडालो. हे मी तिला दर आखाजीला ऐकवतो, आणि ती दर वेळी म्हणते, "अहो, ताणून धरायचं होतं! माझ्याही पलंगाखाली दोन गाठोडी होती."